तीन जहाजं आणि एक बैठं जेवण

बटलरमामाला बसता येत नव्हतं. तशी कंबर धडधाकट होती, गुडघे वयाच्या मानाने बरे होते, मूळव्याधीचाही काही त्रास नव्हता. पण खुर्चीला पाठ टेकली रे टेकली की कुणीतरी बेल दाबल्यासारखा हा माणूस ताडकन उठायचा. एकतीस वर्षं त्याने मोठमोठ्या प्रवासी जहाजांवर सूट सांभाळले होते. सूट म्हणजे जिला स्वतःची बाल्कनी, स्वतःचा बाथटब आणि स्वतःचा बटलर असतो अशी खोली, आणि बटलर म्हणजे श्रीमंतांच्या पायजम्याला इस्त्री करून वर "आणखी काही सेवा?" असं विचारणारा माणूस. वर्षातले आठ महिने पाण्यावर, चार महिने घरी. या एकतीस वर्षांत तो जेवला तो पॅन्ट्रीत, उभ्याने, चार मिनिटांत, एक कान बेलकडे ठेवून. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी जेवणाची तऱ्हा तीच होती, फक्त पॅन्ट्रीच्या जागी घरचा ओटा आला होता.

घरी टेबलाशी तो मामीच्या खुर्चीमागे डाव्या हातावर नॅपकिन टाकून उभा राहायचा. पेल्यातलं पाणी दोन बोटं उतरलं की भरायचा. तिचा शेवटचा घास अजून हातात असायचा तोवर ताट सिंकमध्ये पोचलेलं असायचं. पाहुणे आले तर बिचारे ताट पोटाशी ओढून, राखण करत जेवायचे. मामीने आधी गंमत म्हणून घेतलं, मग रागावून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला. मामा अबोल्यातही पाणी भरत राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही चांगला शाबूत होता.

बटलरमामा हे नाव भाच्याने पाडलं आणि सगळ्या गल्लीने ते उचललं. हा भाचा सहलींचं ऑफिस चालवायचा: दोन टेबलं, एक घरघरणारा एसी आणि भिंतीभर जहाजांची पोस्टरं. पैसेवाली गिऱ्हाइकं येऊन विचारायची, "सूट कुठल्या कंपनीचा चांगला?" भाचा माहितीपत्रकं पसरायचा. सगळ्यांत तोच पलंग, तीच फळांची परडी आणि पांढरा झगा घालून समुद्राकडे बघून हसणारी तीच बाई. गिऱ्हाईक पुन्हा विचारायचं, "पण चांगला कुठला?" भाच्याला काय कपाळ ठाऊक असणार? तो तलावातल्या होडीत बसला तरी ओकायचा.

शेवटी त्याने मामाला गाठलं. "मामा, तीन कंपन्या मला पाहणीसाठी एकेक सूट देताहेत. पाच-पाच दिवस. तुम्ही आणि मामी जा. सेवा कशी, वातावरण कसं, कुठे काय खटकतं, सगळं लिहून आणा. पण तुम्ही बटलर होतात हे कुणाला कळता कामा नये. कळलं की ते ठेवणीतलं काढतील, खरं काही दिसायचं नाही."

"मग मी कोण?"

"टाइल्सचे व्यापारी."

मामाला टाइल्सबद्दल एवढंच ठाऊक होतं की त्या ओल्या असल्या की पाय घसरतो. पण तो हो म्हणाला. दोन वर्षं घरात त्याच्या व्यावसायिक मताला कुत्रं विचारत नव्हतं.

मामीला मात्र जहाजाचं कौतुक नव्हतं. जहाज ही तिची एकतीस वर्षांची सवत. सवतीच्या घरी पाहुणी म्हणून जायचं तर अट घालूनच जायचं, असं तिने ठरवलं. बॅग भरता भरता, आवाज न चढवता ती म्हणाली, "मला बाथटब नको, बाल्कनी नको. मला एक जेवण हवंय. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत तुम्ही माझ्यासमोर बसायचं. उठायचं नाही. तीन जहाजं आहेत, पंधरा दिवस आहेत. त्यात एक जेवण."

"एवढंच ना?" मामा म्हणाला, आणि तिची बॅग नीट लावायला उठला.

"एवढंच. आणि नाही जमलं, तर परत आल्यावर मी माझं ताट वाढून घेईन आणि आतल्या खोलीत दार लावून जेवेन. कायमची. इतकी वर्षं मी रिकाम्या खुर्चीशी बोलले. आता पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं माझ्यात त्राण नाही."

मामी चिडली की भांडी आपटायची, आणि त्याची मामाला सवय होती. आज ती कपडे घडी घालत शांतपणे बोलत होती. मामा घाबरला.

पहिल्या जहाजाचं नाव मामाने वहीत 'सासरवाडी' असं ठेवलं. पहिल्यांदा आलेल्या जावयाचं व्हावं तसं तिथे स्वागत. बटलर शेपटीच्या कोटात, हातात पांढरे मोजे, दारावर पाच हलक्या टकटकी, आत येताना वाकणं, बाहेर जाताना वाकणं. उश्यांची यादीच होती, अकरा प्रकारच्या. मामीने दोन मागवून पाहिल्या आणि घडी घातलेल्या स्वेटरवर डोकं ठेवून झोपली. वातावरण असं की शिंक आली तरी आधी परवानगी मागावीशी वाटे. जेवणघरात म्हातारी जोडपी एकमेकांशी न बोलता काटे-चमचे उचलत आणि ठेवत.

पहिल्याच संध्याकाळी मामीने कपाट उघडलं आणि किंचाळली. "अहो! माझे आतले कपडे! त्या बाप्याने बॅग उपसून घड्या घालून ठेवलेत! त्रिकोणी!"

मामा चष्मा लावून आत डोकावला. "त्रिकोणी चुकलंच. त्रिकोण रुमालाला. याला चौकोन."

"तुम्ही लोकांच्या बायकांच्या..." मामी म्हणाली, आणि वाक्य अर्धवट टाकून बाल्कनीत जाऊन बसली. एकतीस वर्षांचं काहीतरी तिला नव्यानेच कळलं होतं.

जेवणाचं म्हणाल तर तिथे मामाने प्रामाणिक प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो खरोखर बसला. बटलरने मामीसमोर प्लेट ठेवली ती उजवीकडून. प्लेट डावीकडून ठेवायची, हा मामाच्या धंद्याचा पहिला धडा. तो म्हणाला, "एक मिनिट," उठला, आणि प्लेट उचलून डावीकडून परत ठेवली. तोवर बटलरचा चेहरा पडला. मग त्याला बरं वाटावं म्हणून मामाने खरकटी भांडी स्वतःच ट्रेमध्ये रचली, ट्रे खांद्याइतका उचलला आणि व्यवसायबंधूच्या मायेने पॅन्ट्रीकडे निघाला. कॉरिडॉरमध्ये समोरून नेमका हेड बटलर. सगळ्यात महागड्या सूटमधला टाइल्सचा व्यापारी तळहातावर ट्रे तोलत, कोपरा न आपटता वळण घेत येताना बघून हेड बटलर जागच्या जागी थिजला.

"चूक माझी आहे," मामा म्हणाला, "तुमचा माणूस उत्तम आहे. इतका उत्तम माणूस मी पाहिलेला नाही."

हातात खरकटी भांडी घेतलेला पाहुणा स्तुती करतो म्हणजे तो टोमणेच मारतोय, हे हेड बटलरला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या बिचाऱ्या बटलरला दारामागे झाप झाप झापलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून सूटला दोन बटलर. आता जेवताना मामी बसलेली, एक बटलर डावीकडे उभा, दुसरा उजवीकडे उभा आणि मागे नवरा उभा. तिला आपण बसलोय की आपल्याला अटक झालीय ते कळेना.

मामाने वहीत लिहिलं: सेवा फार. पाहुण्याला जागा कमी.

दुसरं जहाज छोटं, शे-दीडशे माणसांचं. त्याचं नाव मामाने 'मावशीचं घर' ठेवलं, कारण तिथे सगळं आपलंच होतं, फक्त शोधून घ्यायचं होतं. आणखी उशी हवी? कपाटात बघा. कॉफी? यंत्र त्या तिथे. सूटमध्ये कमरेएवढा मोठा शंख ठेवलेला, त्यात टॉवेल खुपसलेले. जहाजभर माणसं अनवाणी फिरत होती. कप्तानही चपला हातात घेऊन बोलायला यायचा. बटलर हाफपँटवर. तो दारावर टकटक करायचाच नाही, बाहेरूनच विचारायचा, "आहात का?" आणि उत्तराच्या आधी आत.

पहिल्या दिवशी तो आला आणि सरळ सोफ्यावर बसला. मामा उभाच होता, तो आणखी ताठ झाला.

"प्रवास कसा झाला?" बटलरने विचारलं आणि परडीतलं सफरचंद उचललं. "माझा विचाराल तर काही खरं नाही. बायको सोडून गेली."

मामीला असल्या गोष्टी ऐकायला मनापासून आवडायच्या. ती समोर बसली. "कशावरून बिनसलं हो?" तिथून जे सुरू झालं ते पाच दिवस संपलं नाही. बटलर दुपारचं जेवण घेऊन यायचा आणि "तुम्ही एकट्याच कशाला जेवताय," म्हणून स्वतःचीही प्लेट लावून घ्यायचा. मामाला वाटलं, बटलर बसला तर सेवा कोण करणार? म्हणून तो वाढायला उभा. बटलर त्याच्याकडे बघून म्हणायचा, "साहेब, तेवढी चटणी इकडे सरकवा." मामा सरकवायचा. त्याला ते मनातून आवडतही होतं, हे सांगायची सोय नव्हती.

शेवटच्या दिवशी बटलर हात पुसत निघून गेल्यावर मामी म्हणाली, "या माणसाने माझ्यासमोर बसून पाच जेवणं पूर्ण जेवली. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत. जेवताना माझ्याकडे बघून बोलला. मला लग्न झाल्यासारखं वाटलं."

"अगं, तो कामचुकार आहे!"

"असेल. पण बसला."

मामाच्या मनाला ते लागलं. त्याने रागाने वहीत लिहिलं: सेवा शून्य. वातावरण उत्तम. मग 'उत्तम' खोडून 'बरं' केलं, आणि थोड्या वेळाने 'बरं' खोडून पुन्हा 'उत्तम' लिहिलं. धंद्यातला माणूस होता, खोटं लिहिणं त्याला जमत नव्हतं.

तिसऱ्या जहाजाचं नाव मामीने ठेवलं: 'कुंपण'. हे जहाज म्हणजे तरंगतं शहर. सहा हजार माणसं, घसरगुंड्या, बटाट्याच्या कापांसाठी रांगा, रडणारी पोरं आणि दिवसभर ढणढण गाणी. आणि या सगळ्याच्या डोक्यावर, काचेच्या दाराआड, सूटवाल्यांचा वेगळा मजला. वेगळी लिफ्ट, वेगळा तलाव, वेगळं जेवणघर. सोनेरी कार्ड दाखवलं की दार उघडायचं आणि आवाज कापल्यासारखा बंद व्हायचा. आत सगळे कुजबुजत होते. कुणी मोठ्याने हसलं तर बाकीचे त्याच्याकडे, हा चुकून आत आला की काय, अशा नजरेने बघायचे. मामी दिवसातून दोनदा तेच कार्ड दाखवून उलट खालच्या गर्दीत जायची, रांगेत उभी राहून बटाट्याचे काप आणायची आणि वरच्या शांततेत कुरूमकुरूम खायची.

खोलीत उजेड, आंघोळीचं पाणी, खिडकीचे पडदे सगळं भिंतीवरच्या टचस्क्रीनवरून चालायचं. मामाने आंघोळीसाठी एक खूण दाबली तर पडदे उघडले. अंगावर टॉवेल होता हे नशीब. सेवेत मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. बटलर साठीला टेकलेल्या एक बाई होत्या, पिकलेले केस घट्ट बांधलेले, पायात आवाज न करणारे बूट. काय हवंय ते तोंडातून निघायच्या आत आणायच्या आणि तुम्ही आभार मानायच्या आत गेलेल्या असायच्या. मामाने पहिल्या दिवशीच वहीत लिहिलं: ही बाई आपल्यापेक्षा सरस. हे लिहिताना त्याला जड गेलं.

पण जेवणाचं रडगाणं तेच. इतकं चांगलं काम समोर चाललेलं बघून त्याच्याने बसवेना. तो त्यांच्याबरोबर उठायचा, झाकणं उचलायचा, प्लेटा पुढे करायचा. चार दिवस गेले. मामी आता अटीची आठवण करून देत नव्हती, चिडत नव्हती. रात्री झोपताना "दिवा मालवा" एवढंच म्हणायची. एक दिवस उरला होता आणि मामाला आपल्या घरातल्या आतल्या खोलीचं बंद दार डोळ्यांपुढे दिसायला लागलं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी बटलरबाई कॉफी घेऊन आल्या. मामी खाली बटाट्याच्या रांगेत होती. बाईंनी कप ठेवले, आणि त्यांची पाठ वळताच मामाने कपाचा कान अंगठ्याने थोडा फिरवला.

"साहेब," बाई मागे न वळता, समोरच्या आरशात बघत म्हणाल्या, "कुठल्या जहाजावर होतात?"

"मी? माझा टाइल्सचा धंदा आहे."

"टाइल्सवाले कपाचा कान घड्याळातल्या चारच्या आकड्याच्या दिशेला आणत नाहीत."

मामा ओशाळला. मग त्याने सगळं सांगून टाकलं: भाचा, वही, मामीची अट, आतली खोली. बाईंनी ऐकून घेतलं. त्या उभ्या होत्या आणि मामाही उभा होता, दोघांच्या मध्ये कॉफी निवत होती.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यात जास्त कुठल्या पाहुण्याला वैतागायचात? ओरडणाऱ्याला?"

"छे. ओरडणारा परवडला. जो मदत करायला उठतो ना, त्याला. आपण हात पुढे करायच्या आत याचा हात. वाटायचं, हा आपल्याला सुचवतोय, तुला जमत नाही, सरक बाजूला."

एवढं बोलून मामा थांबला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोन वर्षं घरात मामीच्या हातापुढे त्याचा हात होता, आणि तो त्याला माया म्हणत होता.

"दुपारचं जेवण बाल्कनीत लावते," बाई म्हणाल्या. "मी वाढून जाईन. तुम्ही उठलात तर तो माझा अपमान. मग मी तक्रार करीन, पाहुण्याविरुद्ध."

दीड वाजता टेबल मांडलं. बाईंनी सूप ठेवलं, मामाकडे एकदाच रोखून पाहिलं आणि गेल्या. मामी समोर बसली होती, त्याच्याकडे न बघता. मामा बसला. दोन्ही हातांनी खुर्चीची कड खालून धरून, दाढ काढायला बसतात तसा. पहिला चमचा तोंडात गेला. दुसरा गेला. मांडीवरचा नॅपकिन घसरून खाली पडला. त्याने पडू दिला. शेजारच्या सूटमध्ये बेल वाजली. मामाच्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या, पण बूड खुर्चीला राहिलं.

मामीने वर पाहिलं. सूप अर्धं झालं होतं आणि नवरा समोर होता.

"मीठ कमी आहे जरा," ती म्हणाली, उठली, आतून मिठाची कुपी घेऊन आली. बसली. दोन चमचे खाल्ले. "तुमचं पाणी संपलं की," म्हणत उठली आणि जग घेऊन आली. बसली. मग "पाव हवाय का?" असं विचारतानाच उठली आणि उत्तराच्या आधी पाव घेऊन आली. मामा बसलेलाच. चौथ्यांदा ती खुर्ची मागे सारायला लागली तेव्हा तो म्हणाला, "अगं, तू कुठे चाललीस?"

मामी अर्धी उठलेली तशीच थांबली. तिने टेबलाकडे पाहिलं. मीठ होतं, पाणी होतं, पाव होता. कुणी हाक मारली नव्हती.

"कुणीतरी उठायला नको का?" ती म्हणाली.

बोलली आणि स्वतःच दचकली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला वाटायचं तुम्हालाच बसता येत नाही. अहो, तुम्ही उभे असायचात म्हणून मी बसायचे. त्याच्या आधी सासूबाईंचं पथ्य, आपल्या पोरीचा शाळेचा डबा, एक घास तोंडात की एक पाय आत. मी अशी कधी बसून जेवलेय, मला आठवतच नाही."

मामाला लाज वाटली. कुठल्या पाहुण्याचं अंडं किती मिनिटं उकडायचं हे त्याला वीस-वीस वर्षांनंतरही पाठ होतं, आणि आपली बायको कशी जेवते हे त्याने एकदाही पाहिलेलं नव्हतं. चार महिने घरी असायचा तेव्हाही नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला नॅपकिन हवा होता. नॅपकिन जमिनीवर होता, आणि त्यासाठीही तो वाकला नाही. टेबलावरून हात पुढे करून त्याने तिचं मनगट धरलं.

"बस," तो म्हणाला.

"सूप गार झालंय हो तुमचं. सांगते त्यांना गरम करून..."

"गारच जेवू. बस."

ती बसली. त्याने मनगट सोडलं नाही. तो डाव्या हाताने जेवायला लागला आणि दुसऱ्याच चमच्याला सूप शर्टावर सांडलं. डाग बघून मामीचा जीव वरखाली झाला, ती उठायला लागली. त्याने पकड आवळली. मग पॅन्ट्रीकडून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मामा अर्धा उठला; तेव्हा तिने खाली ओढलं. बटलरबाई पुढचं जेवण घेऊन आल्या तेव्हा दोघं एकमेकांना खुर्चीत दाबून धरून जेवत होती. त्यांनी ताटल्या ठेवल्या आणि आल्या तशा गेल्या.

शेवटच्या घासापर्यंत कुणीच उठलं नाही. जेवण संपलं, ताटल्या तशाच खरकट्या पडल्या होत्या, आणि दोघं हात धरून तिथेच बसून राहिली, कारण जेवण झाल्यावर बसलेल्या माणसांनी पुढे काय करायचं असतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.